शरदात ओलावा जपायचा: चिनी परंपरेतली ऋतुचर्या, टप्प्याटप्प्याने

बेजिंगमधल्या माझ्या पहिल्याच ऑक्टोबरात सलग तीन दिवस नाकातून रक्त आलं. ओठ फाटलेले, घसा खरखरीत आणि सकाळी पोट साफ होत नव्हतं. घरून शरद ऋतूची जी समज घेऊन गेले होते तिच्याप्रमाणे मला वाटलं, पावसाळ्यात साठलेलं पित्त उसळलंय, एकदा पोट धुऊन काढलं की बरं वाटेल. बॅगेत सोनामुखीचं चूर्ण होतंच. दोन रात्री घेतलं आणि कोरडेपणा दुप्पट झाला.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. तिकडे अशा आज्यांना सगळे ‘नायनाय’ म्हणतात. त्यांनी माझे ओठ पाहिले, घरात गेल्या आणि खडीसाखर घालून वाफवलेली एक आख्खी नाशपाती वाटीत घालून घेऊन आल्या. मी चूर्णाचं सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हणाल्या, “अगं, नदी आटायला लागली की कोणी बांध फोडतं का?”

पुढची चार वर्षं मी त्यांच्याकडून आणि गल्लीतल्या चिनी वैद्यांकडून जे शिकत गेले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ‘डिटॉक्स’ हा शब्द मनात धरून कोणी वाचत असेल, तर सुरुवातीलाच सांगते: चिनी परंपरेत शरद हा शरीर रिकामं करण्याचा ऋतू नाही. तो गोळा करण्याचा, मिटून घेण्याचा ऋतू आहे. शरीरातली घाण जायला हवी हे तेही मानतात, पण ती जाण्यासाठी आधी आत ओलावा हवा, असा त्यांचा क्रम आहे.

आपला शरद आणि त्यांचा शरद

चरकसंहितेत शरदात विरेचन, म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करणं, सांगितलंय, कडू द्रव्यांनी सिद्ध केलेलं तूप सांगितलंय. ते आपल्या हवेला धरून आहे. पावसाने गारठलेल्या अंगावर एकदम ऑक्टोबरचं ऊन पडतं, म्हणून पित्त. उत्तर चीनमध्ये वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते ऑगस्टमध्ये पडून जातो आणि मग वायव्येकडून कोरडे, गार वारे सुरू होतात. तिथल्या वैद्यांना शरदात उष्णतेपेक्षा कोरडेपणाची काळजी जास्त. त्याला ते ‘झाओ’ म्हणतात.

पंचतत्त्वांच्या त्यांच्या मांडणीत शरदाचं तत्त्व धातू, रंग पांढरा, चव तिखट, भावना शोक आणि अवयव फुफ्फुस. फुफ्फुसाची जोडी मोठ्या आतड्याशी. नाक आणि त्वचा ही दोन्ही फुफ्फुसाच्या अखत्यारीत. शरीरशास्त्राच्या पुस्तकातलं फुफ्फुस आणि हे फुफ्फुस तंतोतंत एक नाही. श्वास, त्वचेची ओल, घाम, सर्दीला तोंड देण्याची ताकद हे सगळं मिळून त्यांचं ‘फेइ’ होतं. माझं नाक, ओठ आणि बद्धकोष्ठ ही एकाच दुखण्याची तीन टोकं आहेत असं नायनायना का वाटलं, ते यावरून कळतं.

या विचाराचं मूळ ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात आहे. त्याच्या ‘सूवन’ भागाच्या दुसऱ्या अध्यायात चारही ऋतूंत कसं वागावं ते आलंय. शरदाबद्दल तिथे म्हटलंय की लवकर झोपावं, लवकर उठावं, कोंबड्यांबरोबर उठावं, मन शांत ठेवावं, म्हणजे शरदाची शिक्षा सौम्य होते. जुन्या चीनमध्ये देहदंडाची अंमलबजावणी शरदात होत असे, त्यामुळे ‘शरदाची शिक्षा’ हे शब्द तेव्हाच्या वाचकाच्या अंगावर काटा आणत असणार. नियम मोडला तर फुफ्फुस दुखावतं आणि हिवाळ्यात न पचलेलं अन्न जुलाबावाटे पडतं, असंही तिथे आहे. शरदातल्या चुकीची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

गंमत अशी, की याच ग्रंथात दुसरीकडे शरदात ‘ओलेपणाने’ इजा होते असं लिहिलेलं आहे. सतराव्या शतकातले वैद्य यू छांग यांनी ठामपणे मांडलं की तिथे ‘कोरडेपणाने’ असं हवं, आणि शरदातल्या कोरडेपणावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. आज चिनी घरात शरद म्हटलं की कोरडेपणा हेच आठवतं, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पहिलं काम: दिनदर्शिका बघा

चिनी सौर वर्षाचे चोवीस भाग आहेत. २०१६ साली युनेस्कोने त्यांची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. शरदाच्या वाट्याला सहा भाग येतात. ७-८ ऑगस्टला लीछ्यू म्हणजे शरदारंभ, २३ ऑगस्टच्या आसपास छूशू म्हणजे उकाड्याचा शेवट, ७-८ सप्टेंबरला बायलू म्हणजे पांढरं दव, २३ सप्टेंबरच्या सुमारास छ्यूफेन म्हणजे शरदसंपात, ८ ऑक्टोबरला हानलू म्हणजे गार दव, २३ ऑक्टोबरला श्वांगज्यांग म्हणजे हिम उतरणं. ७-८ नोव्हेंबरला लीदोंग आला की हिवाळा लागला.

तारखा पाठ करायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवा की साधारण शरदसंपातापर्यंतचा कोरडेपणा उष्ण आणि त्यानंतरचा गार धरतात. उष्ण कोरडेपणात घसा लाल होतो, तहान लागते, खोकला कोरडा आणि चिवट. गार कोरडेपणात थंडी वाजते, नाक चोंदतं, कफ पातळ, घसा कोरडा पण तहान फारशी नाही. पहिल्यात नाशपाती चालते. दुसऱ्यात ती गरम करून आणि आल्याची सोबत देऊनच खायची. कच्ची, फ्रिजमधली नाशपाती खाऊन खोकला वाढला अशी तक्रार करणारे बहुतेक लोक इथेच चुकतात.

दुसरं: झोप आणि कपडे

झोप अर्ध्या-पाऊण तासाने अलीकडे ओढा. रात्री दहा-साडेदहाला दिवा बंद, सकाळी उजाडता उठणं. एका दिवसात हे जमत नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे सरकलात तर पंधरवड्यात जमून जातं.

कपड्यांबाबत एक म्हण आहे: वसंतात अंग झाका, शरदात थोडं गारठू द्या. पहिला गार वारा सुटला की लगेच स्वेटरवर स्वेटर चढवायचे नाहीत, अंगाला गारव्याची सवय होऊ द्यायची. पण याला मर्यादा आहे आणि तीही म्हणींतूनच आली आहे. पांढऱ्या दवानंतर अंग उघडं नको, गार दवानंतर पाय उघडे नकोत. पोट, कंबर आणि पावलं झाकलेली हवीत, बाकी अंगाने गारवा सोसला तरी चालेल. लहान मुलं, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांनी गारठण्याच्या वाटेला जाऊच नये.

रात्री पाय शेकणं हा तिथला घरोघरचा रिवाज आहे. घोट्याच्या वर येईल इतकं, साधारण चाळीस अंशांचं पाणी, पंधरा-वीस मिनिटं. कपाळावर हलका घाम आला की पुरे. घाम निथळेपर्यंत बसायचं नाही, शरदात घाम दवडणं म्हणजे ओल दवडणं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं किंवा हे टाळावंच.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: ताटात काय

सूत्र असं: तिखट कमी, आंबट थोडं जास्त, पांढरं आणि ओलसर भरपूर. तिखट पदार्थ घाम आणतात, उघडतात. आंबट आवळून धरतं. म्हणून लसूण, मिरची, कच्चा कांदा, आलं यांच्यावर शरदात हात आखडता. ‘वर्षात शरदात आलं खाऊ नये, दिवसात रात्री आलं खाऊ नये’ अशी म्हणच आहे. औषधापुरता एखादा तुकडा चालतो.

पांढऱ्या पदार्थांच्या यादीत नाशपाती, मुळा, कमळकाकडी, लिलीचा कंद, यिन-अर नावाचं पांढरं अळंबं, बदाम, मध आणि तीळ येतात. पांढऱ्या यादीत काळे तीळ कसे, असं मी नायनायना विचारलं होतं. ओल देतात तेवढं पुरे, असं त्यांचं उत्तर. १३३० साली युआन दरबारातले आहारवैद्य हू सिह्वे यांनी लिहिलेल्या आहारग्रंथातही शरद कोरडा आहे, तीळ खाऊन त्याला ओल द्यावी, असं वचन आहे.

आपल्याला ओळखीच्या दोन गोष्टी तिथे शरदात बाजारात आल्या की मला भरून यायचं. एक शिंगाडा, जो यांगत्से नदीच्या दक्षिणेकडच्या तळ्यांतून येतो. दुसरा मखाणा. सूचौमध्ये तो ओला, ताजा सोलून गोड पाण्यात शिजवतात आणि त्याला ‘कोंबडीच्या डोक्याचे तांदूळ’ म्हणतात, कारण फळाचा आकार तसा. आपण भाजून खातो तो हाच, पण त्याची मऊ, चिवट चव आपल्याला माहीत नसते.

आता नाशपातीचा पाक. बेजिंगमध्ये त्याला छ्यूलीगाव म्हणतात आणि शरदात तो घरोघर असतो. मी दर वर्षी असा करते:

तीन किलो रसदार नाशपाती धुऊन, सालासकट किसा. मधला भाग आणि बिया काढून टाका. जाड बुडाच्या पातेल्यात कीस आणि सुटलेला रस घाला, पाणी अजिबात नको. त्यात पंचवीस ग्रॅम आल्याच्या चकत्या, बिया काढलेली बारा-पंधरा सुकी लाल चिनी बोरं आणि दीडशे ग्रॅम खडीसाखर टाका. उकळी आली की आच मंद करून चाळीस मिनिटं झाकून शिजवा.

मग पंचाच्या फडक्यातून घट्ट पिळून गाळा. इथे घाई केली तर निम्मी नाशपाती फडक्यातच राहते. गार होऊ द्या, हाताने पिळा, पुन्हा पिळा. गाळलेला रस परत मंद आचेवर, या वेळी झाकण न ठेवता. दीड ते दोन तास लागतात. पहिला तासभर अधूनमधून हलवलं तरी चालतं, नंतर चमचा सोडायचा नाही, कारण शेवटच्या दहा मिनिटांत पाक खाली लागतो आणि सगळ्यालाच जळका कडवटपणा येतो. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की उतरवा. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, म्हणून थोडा पातळ असतानाच थांबणं बरं.

कोमट झाल्यावर दोनशे ग्रॅम मध मिसळा. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभरात संपवा. सकाळी एक मोठा चमचा कोमट पाण्यातून. घसा फारच कोरडा असेल तर संध्याकाळी आणखी एक.

तयार पाकात बऱ्याचदा ‘छ्वानबेइ’ नावाचा औषधी कंद असतो. तो घरात आपल्या अंदाजाने घालू नका. मधुमेह असणाऱ्यांसाठी हा पाक नाही. त्यांनी अर्धी नाशपाती साखरेविना वाफवून खावी आणि तीही दिवसाच्या फळांच्या हिशेबात धरावी. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. ज्यांना मुळात पातळ शौचाला होते, गार पदार्थ सोसत नाहीत, त्यांनीही नाशपातीपासून लांब राहावं.

यिन-अरचं सूप सोपं आहे, पण एक सावधगिरी त्यात जीवनमरणाची आहे. पंधरा ग्रॅम सुकं अळंबं गार पाण्यात तासभर, फार तर दोन तास भिजवा. रात्रभर बाहेर भिजत ठेवायचं नाही. बराच वेळ भिजलेल्या अळंब्यात एक जीवाणू वाढून असं विष तयार होतं जे उकळूनही जात नाही, आणि चीनमध्ये त्याने माणसं दगावली आहेत. भिजल्यावर बुडखा कापा, बारीक तुकडे करा, दीड लिटर पाण्यात दोन तास मंद शिजवा. पाणी बुळबुळीत, जेलीसारखं झालं पाहिजे. मधला हिरवा कडू कोंब काढलेल्या कमळबिया अर्ध्या वाटेवर घाला, थोडी खडीसाखर शेवटी. गरमच प्या आणि उरवू नका.

हे सगळं करायला वेळ नसेल तर सकाळी तांदळाची पातळ पेज घ्या, वर भाजलेल्या काळ्या तिळाची पूड. आपल्या पेजेसारखीच असते, आणि खरं सांगायचं तर चिनी शरदाचा पाया तीच आहे.

लीछ्यूच्या दिवशी उत्तरेकडे मांस खाऊन अंगाला ‘शरदाची चरबी चिकटवण्याची’ प्रथा आहे. उन्हाळ्यात वजन उतरायचं त्या काळातली ती. आज बसून काम करणाऱ्याला तिची गरज नाही.

चौथं: पोट साफ होणं

डिटॉक्स म्हणून लोक जे शोधतात त्यातलं खरं काम इथे आहे. मोठं आतडं फुफ्फुसाची जोडी, म्हणून शरदात शौच रोज आणि विनासायास व्हावं यावर वैद्यांचा कटाक्ष असतो. त्यांच्या घड्याळात पहाटे तीन ते पाच फुफ्फुसाची वेळ, पाच ते सात मोठ्या आतड्याची. सकाळी उठून कोमट पाणी, मग दहा मिनिटं चालणं, मग ठरलेल्या वेळी बसणं, जोर न करता. आठवडाभर काही झालं नाही तरी वेळ मोडायची नाही.

पोटावर तळहात ठेवून नाभीभोवती घड्याळाच्या दिशेने शंभर वेळा फिरवायचं, झोपण्याआधी. तिळाची पूड आणि मध रात्री एक-एक चमचा. कोरड्या आतड्याला एवढं बहुतेक वेळा पुरतं.

रेचकांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. सोनामुखी चिनी औषधांतही आहे. तिचं चिनी नावच ‘परदेशी रेचक पान’ असं आहे आणि तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीची सोनामुखी जगभर जाते. चिनी वैद्य ती मोजक्या दिवसांसाठी देतात. ‘डिटॉक्स चहा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत बऱ्याचदा तीच किंवा रेवंदचिनी असते. रोज घेतली की आतडं तिच्याविना हलेनासं होतं आणि शरीरातलं पाणी, क्षार जातात. वजन काट्यावर कमी दिसतं ते हेच पाणी.

त्याहून गंभीर गोष्ट. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्या घेतलेल्या अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती आली होती आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. त्याच कुळातलं एक फळ खोकल्यावर, फुफ्फुसासाठी शतकानुशतकं वापरात होतं. २०२० सालच्या चिनी औषधकोशातून ते काढलं गेलं. ज्यांची परंपरा आहे त्यांनीच ते काढलंय, तेव्हा ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य कुणी म्हटलं तर कृपया हे सांगा. नाव नसलेल्या पुड्या, घटक न छापलेल्या गोळ्या घेऊ नका.

पाचवं: नाक, छाती, श्वास

नाकपुडीच्या कडेला, गालाच्या घडीत ‘यिंगश्यांग’ हा बिंदू आहे, अर्थ ‘सुवासाचं स्वागत’. दोन्ही तर्जनींनी सकाळी साधारण शंभर वेळा हळू चोळा, गार हवेत बाहेर पडण्याआधी. अंगठा आणि तर्जनीमधल्या मांसल भागातला ‘हगू’ बिंदूही दाबतात, पण गरोदरपणात तो दाबायचा नाही.

व्यायामासाठी ‘बादुआनजिन’, म्हणजे आठ हालचालींचा संच. पहाटे तिथल्या बागांतून म्हातारी माणसं रांगेने तो करताना दिसतात. संच जेमतेम बारा-पंधरा मिनिटांचा. शरदासाठी त्यातली दुसरी हालचाल घ्या. पाय रुंद, गुडघे किंचित वाकलेले, एका हाताने काल्पनिक धनुष्य धरलेलं, दुसऱ्याने दोरी छातीपाशी ओढलेली, नजर बाणाच्या दिशेला. आलटून पालटून तीन-तीन वेळा. छाती उघडते, खांदे मागे जातात. खुर्चीत वाकून बसणाऱ्यांना पहिल्याच दिवशी फरक कळतो. नंतर नाकाने श्वास घेऊन दातांच्या फटीतून ‘स्स’ करत सावकाश सोडा, सहा वेळा.

घाम फुटेपर्यंत धावणं शरदात टाळतात. चालणं, डोंगर चढणं चांगलं. चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, छोंगयांगला, उंचावर चढायची आणि शेवंतीचं पेय घ्यायची रीतच आहे.

सहावं: शोक

फुफ्फुसाची भावना शोक, हे मला आधी काव्यात्म वाटलं होतं. पण पानं गळत असताना, दिवस आखडत असताना, परक्या गावात, घशात आवंढा आणि छातीत जडपणा जेव्हा एकाच वेळी आला तेव्हा पटलं. त्यांचा उपाय साधा आहे: सकाळचं ऊन अंगावर घ्या, माणसांत राहा, रडू आलं तर रडा, पण महिनोन् महिने आत कोंडू नका. उदासी दोन आठवड्यांच्या पुढे गेली, झोप-भूक गेली, तर हे ऋतूचं नाही असं समजून डॉक्टरांकडे जा. रक्ताळलेला खोकला, ताप, धाप, तीन आठवडे न थांबणारा खोकला यांनाही नाशपाती उत्तर नाही.

आपल्याकडे हे कधी करावं

पुण्या-मुंबईत ऑक्टोबरात हे जसंच्या तसं करू नका. ती उष्णतेची वेळ आहे. आपल्याकडे हा कोरडेपणा दिवाळीनंतर येतो. देशावर, विदर्भात, मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत ओठ फुटायला लागले की यातली पेज, तीळ, नाशपाती, पाय शेकणं लागू पडेल. गोव्यात, कोकणात हवा दमट, तिथे फारशी गरज नाही. टोरोंटो, लंडन, न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी मात्र हीटर सुरू व्हायच्या आधीच सुरुवात करावी.

बेजिंगमध्ये सार्वजनिक उष्णताव्यवस्था १५ नोव्हेंबरला सुरू होते आणि घरातली हवा एका रात्रीत वाळते. त्या दिवशी नायनाय रेडिएटरवर पाण्याचं भांडं ठेवायच्या, ओला टॉवेल पसरायच्या आणि पाकाची उरलेली बरणी संपवायला काढायच्या. लीदोंग उलटून गेलेला असतो, नाशपाती मागे पडते आणि स्वयंपाकघरात मटण, मुळा आणि आलं येतं.